पंथकाचं फडकं आणि मेंदूच्या लहरी

इस्तंबूलमधले तंजू सुरमेली आणि आयबेन एर्तेम यांनी २००७ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. डाउन सिंड्रोम असलेली आठ मुलं, वयं सहा ते चौदा. बोलणं तोकडं, लक्ष टिकत नाही, आठवण कच्ची, वागण्यात उतावीळपणा. या मुलांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपल्या गेल्या आणि मग सुरू झालं न्यूरोफीडबॅकचं प्रशिक्षण. समोर पडदा असतो. लहरी ठरवलेल्या दिशेने सरकल्या की पडद्यावरचं चित्र पुढे जातं किंवा आवाज होतो. भरकटल्या की थांबतं. मुलाला काही समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या मेंदूला बक्षीस मिळत राहतं. सात मुलांनी साठ बैठका पूर्ण केल्या. पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीतही सुधारणा दिसली आणि लहरींच्या आलेखातही. आठवं मूल मध्येच बाहेर पडलं.

तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि प्रश्नावली भरणारे आईवडीलच होते, त्यामुळे या निष्कर्षांवर किती भार टाकायचा ते उघड आहे. पण अशी बातमी घरापर्यंत पोचते तेव्हा आकडे कुणी वाचत नाही. ‘आमचं मूल नॉर्मल होईल का?’ एवढा एकच प्रश्न उरतो. डॉक्टरला विचारलेला हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात मावत नाही. माणसाचं माणूसपण त्याच्या बुद्धीत असतं का, आणि बुद्धी थोडी वाढवून दिली तर आपण त्याला नेमकं काय दिलेलं असतं, हा त्याच्या पोटात दडलेला खरा प्रश्न आहे.

गंमत अशी, की मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राचा जन्मही मनाचा शोध घेण्याच्या ओढीतूनच झाला. हान्स बर्गर हा जर्मन मानसोपचारतज्ज्ञ तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली. दूर घरी असलेल्या बहिणीला भावावर काहीतरी संकट आल्याची खात्री वाटली होती. एका मनातलं दुसऱ्या मनात कसं जातं, याचा शोध घ्यायचं बर्गरने तिथेच ठरवलं. १९२४ साली येना इथे त्याने माणसाच्या मेंदूची विद्युत हालचाल पहिल्यांदा नोंदवली आणि १९२९ साली ती जगापुढे ठेवली. शोधत होता मन, हाती आल्या लहरी. पुढे साठच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना विशिष्ट लहर निर्माण करण्यासाठी दूध आणि रश्श्याचं बक्षीस दिलं. रॉकेटच्या इंधनाचा विषारी परिणाम तपासताना त्यांना आढळलं, की अशी शिकवलेली मांजरं झटक्यांना जास्त वेळ दाद देत नाहीत. अपस्माराच्या रुग्णांवर आणि नंतर चंचल मुलांवर हे तंत्र आलं ते इथून.

डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखात, संथ लहरींचं प्रमाण त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा बहुधा जास्त आढळतं. न्यूरोफीडबॅकच्या एका पद्धतीत मुलाच्या लहरी त्याच वयाच्या शेकडो मुलांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि जिथे फरक दिसतो तिथे सरासरीकडे ढकलायचा प्रयत्न करतात. ही सरासरी ज्या मुलांपासून काढली, त्यांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनच प्रती होत्या. या मुलाच्या पेशींत तीन आहेत. म्हणजे त्याला ज्या आदर्शाकडे न्यायचं, तो आदर्श त्याच्यासारख्या कुणाचाच नाही. संथ लहर त्याच्यासाठी अडथळा आहे, की वेगळ्या घडणीच्या मेंदूची ती स्वाभाविक चाल आहे, हे सरासरीशी केलेली तुलना सांगू शकत नाही. पट्टी फरक दाखवते. तो फरक दोष आहे की नाही, हे माणूस ठरवतो.

गुणसूत्राच्या या तिसऱ्या प्रतीचा शोध ज्या संशोधनातून लागला, त्यात हाच पेच माणसाच्या रूपाने उभा राहिला होता. पॅरिसमध्ये मार्त गोतिए यांनी अमेरिकेत शिकून आणलेलं पेशी वाढवण्याचं तंत्र वापरून काचपट्ट्या तयार केल्या. झेरोम लजून यांनी गुणसूत्रांची छायाचित्रं मिळवली. रेमों त्यूर्पां हे दोघांचे ज्येष्ठ. जानेवारी १९५९ मध्ये शोधनिबंध छापून आला, त्यात गोतिए यांचं नावही चुकीचं छापलं गेलं आणि पुढची अनेक दशकं श्रेय एकट्या लजून यांच्याकडे जात राहिलं. ही सल आजही शमलेली नाही. लजून श्रद्धाळू कॅथलिक होते. आपल्या शोधाचा उपयोग जन्माआधी निदान करून गर्भपातासाठी होऊ लागलेला पाहून ते हादरले आणि आयुष्यभर त्याविरुद्ध बोलत राहिले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या सद्गुणांना औपचारिक मान्यता देऊन संतपदाच्या वाटेवरचा एक टप्पा पुढे नेला.

गर्भपाताबद्दलचं त्यांचं मत न पटणारे पुष्कळ आहेत. गर्भवतीच्या निर्णयाचा हक्क हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण लजून यांच्या आयुष्यात एक गोष्ट अशी आहे जिच्याकडे दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष होतं. हे मूल आहे तसं पूर्ण माणूस आहे, अशी त्यांची अढळ श्रद्धा होती आणि तरीही त्याच्या बुद्धीवर उपचार सापडावा म्हणून ते मरेपर्यंत झटत राहिले. स्वीकार आणि उपचार यांत त्यांना विरोध दिसला नाही. ‘मुलाला बदलायला जाणं म्हणजे त्याला नाकारणं’ असं काही जण आज म्हणतात. ते मुलाच्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेबद्दल असं म्हणत नाहीत. मेंदूची पाळी आली की म्हणतात, कारण मेंदू म्हणजेच मूल, असं त्यांनी नकळत धरून ठेवलेलं असतं.

युरोपीय विचारात हे धरून ठेवणं जुनं आहे. विचार करणारा, स्वतःला स्वतः म्हणून ओळखणारा तो ‘पर्सन’, अशी जॉन लॉक यांनी व्याख्या केली आणि जन्मतः मंदबुद्धी असलेल्यांना माणूस आणि पशू यांच्या मधलं काहीतरी म्हणायलाही ते कचरले नाहीत. आपल्या काळात पीटर सिंगर आणि जेफ मॅकमहान यांनी जीवाचं नैतिक मोल त्याच्या क्षमतांवर तोलायला सांगितलं. २००८ साली न्यूयॉर्कमध्ये स्टोनी ब्रुक विद्यापीठाने भरवलेल्या परिषदेत इव्हा किटे यांनी या दोघांना समोरासमोर उत्तर दिलं. किटे स्वतः तत्त्वज्ञ, आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीची आई. प्रत्येक माणूस ‘कुणा आईचं लेकरू’ असतो. तो नात्यात जन्मतो, सांभाळला जातो आणि न्याय तिथूनच सुरू व्हायला हवा, अशी त्यांची मांडणी आहे. या मांडणीवर भावनिकतेचा आरोप होतो. पण लॉक यांची व्याख्या तरी कुठल्या गणितातून आली? ज्याला जे आपल्यात थोर वाटलं, ते त्याने व्याख्येत घातलं.

भारतीय दर्शनांनी इथे वेगळी रेघ ओढलेली आहे. सांख्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाची रूपं. पाहणारा पुरुष त्यांहून निराळा. वेदान्तही अंतःकरणाला साधन मानतो आणि साक्षी चैतन्य सगळ्यांत एकच सांगतो. या हिशेबाने ईईजीवर उमटणारी प्रत्येक लहर, शंकराचार्यांची असो की डाउन सिंड्रोमच्या मुलाची, जडाच्या बाजूला पडते. साधनात उणं-अधिक असेल, पण त्याने साक्षीत उणं-अधिक होत नाही. माणसाच्या किमतीला बुद्धीपासून सोडवणारा याहून सरळ युक्तिवाद जगाच्या तत्त्वज्ञानात क्वचितच सापडेल.

आणि याच परंपरेने तो व्यवहारात उतरू दिला नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, वेडे, जड आणि मुके यांना वडिलोपार्जित वाटा नाकारलेला आहे. त्यांना पोसावं एवढंच बंधन. १९२८ साली ब्रिटिश अमदानीतल्या कायद्याने ही यादी बरीच पुसली, पण जन्मतः वेडा किंवा जडबुद्धी असलेल्याला वगळायची मुभा तशीच ठेवली. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला तेव्हा कुठे रोग, व्यंग किंवा विकृती या कारणावरून कुणाचाही वारसा हिरावता येणार नाही असं ठरलं. आत्मा एकच असल्याचं ज्यांनी हजारो वर्षं शिकवलं, त्यांच्याकडे या मुलांना शेताचा वाटा द्यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्यातच पूर्वकर्माची पुस्ती. अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी सुटी होत नाही, एवढ्यानेच बहुतेक वेळा डाउन सिंड्रोम होतो. आईच्या वयाबरोबर ती शक्यता वाढते आणि विशीतल्या आईच्या पोटीही ते घडतं. असं असूनही ‘मागच्या जन्मी काय केलं असेल’ ही कुजबुज बारशाच्या घरात आजही ऐकू येते आणि ती आईच्या दिशेनेच जाते.

पाली परंपरेतली चुल्लपंथकाची कथा या सगळ्या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचण्यासारखी आहे. चुल्लपंथक आणि त्याचा थोरला भाऊ हे राजगृहाच्या एका धनाढ्य श्रेष्ठीचे नातू. थोरला महापंथक संघात जाऊन अर्हत झाला आणि धाकट्याला घेऊन आला. धाकट्याला चार ओळींची एक गाथा चार महिन्यांत पाठ होईना. पुढची ओळ आली की मागची जाई. थोरला वैतागला आणि विहार सोडून घरी जा म्हणाला. जीवक वैद्याने दुसऱ्या दिवशी बुद्धांना आणि भिक्षूंना जेवायला बोलावलं होतं. बोलावण्यांची व्यवस्था महापंथकाकडे होती आणि त्याने भावाचं नाव यादीतून गाळलं. पहाटे निघालेला चुल्लपंथक दारात बुद्धांना दिसला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, हातात एक स्वच्छ पांढरं फडकं दिलं, पूर्वेकडे तोंड करून बस म्हणाले आणि धूळ काढण्याविषयीचा एकच शब्द म्हणत ते चोळत राहायला सांगितलं. फडकं चोळता चोळता मळलं. जे आत्ताच शुभ्र होतं ते मळलं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि अनित्यता त्याला उमगली.

पंथकाला आजचं कुठलंही निदान चिकटवण्याचं कारण नाही. पण शिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. डाउन सिंड्रोमच्या मुलांना ऐकलेलं तात्पुरतं लक्षात ठेवणं जड जातं आणि पाहिलेलं त्या मानाने सोपं, हे आज चांगलं माहीत आहे. म्हणून त्यांना शब्दचित्रांनी आणि खुणांनी शिकवतात. बुद्धांनी पाठांतर बाजूला ठेवलं आणि डोळ्यांसमोर बदलणारी, हाताला लागणारी वस्तू दिली. कृती केली की तिचा परिणाम लगेच दिसेल अशी सोय केली. न्यूरोफीडबॅकचा पडदा याच तत्त्वावर चालतो. फरक आहे तो हेतूचा. फडकं चोळून पंथकाने गाथा पाठ करावी, भावासारखं व्हावं, अशी अपेक्षा कुणी ठेवली नव्हती. त्याला त्याच्या वाटेने जे दिसायचं ते दिसलं.

कथेत एक उणीव मात्र आहे आणि ती झाकू नये. पंथक शेवटी अर्हत होतो, एकाच वेळी हजार रूपं धारण करतो आणि सगळ्यांचे डोळे दिपवतो. त्याच्या मंदपणाचं कारणही परंपरा पूर्वजन्मात शोधते: एका मंद भिक्षूला तो हसला होता म्हणे. कर्माचा काटा इथेही निघत नाही. आणि फडकं चोळून काहीच उमगलं नसतं तर? कथा ते सांगत नाही. पण क्रम पाहिला तर उत्तर सापडतं: बुद्धांनी त्याला दारातून परत आणलं ते त्याला काही उमगण्याच्या आधी.

मराठी मुलखात याहूनही धाडसी एक उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार आणि चक्रधरस्वामींचे गुरू मानतो. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या. त्यांत दिसतो तो माणूस लहान मुलासारखा हट्ट करतो, मूर्तींशी बोलतो, वाटेल त्या घरात शिरून खायला मागतो, तुटक बोलतो, हसतो, चिडतो, जातीपातीचा विटाळ जाणत नाही. गावातले काही त्यांना वेडाच म्हणत आणि तेच गाव अडीअडचणीला त्यांच्याकडे धाव घेई. तिथे कुणी सुधारलं नाही आणि कुणाला सुधारायचंही नव्हतं. गाव त्यांच्या वागण्याभोवती जगायला शिकलं. ही आठवण मराठीच्या अगदी आरंभीच्या गद्यात जपली गेली, याचं मोल साहित्याच्या इतिहासापुरतं नाही.

पण इथेही सावध राहायला हवं. ‘देवाघरची मुलं’, ‘देव खास मुलं खास आईबापांनाच देतो’, ही वाक्यं प्रेमाने म्हटली जातात, तरी ती म्हणणाऱ्याला मोकळं करतात. देवाच्या मुलाला शाळेत जागा, बसमध्ये जागा, आईला दोन तासांची विश्रांती लागत नसावी असं वाटायला लागतं. आणि ते मूल हट्टी, चिडकं किंवा नुसतंच कंटाळलेलं असण्याचा साधा हक्कही गमावून बसतं.

मग न्यूरोफीडबॅकच्या यंत्राचं काय करायचं? चंचल मुलांवर अमेरिकेत झालेली एक मोठी चाचणी इथे उपयोगी पडते. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं. काहींना त्यांच्याच लहरींवरून बक्षीस मिळे, इतरांना आधी टिपून ठेवलेल्या दुसऱ्या मुलाच्या लहरींवरून. कोण कुठल्या गटात आहे हे मुलं, पालक, प्रशिक्षक कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. अशा अनेक चाचण्यांचा २०२४ साली घेतलेला एकत्रित आढावाही याच दिशेने बोलतो. डाउन सिंड्रोममधल्या न्यूरोफीडबॅकचे अभ्यास मोजके आणि लहान आहेत. त्यांना जास्त वजन द्यावं असं त्यांत काही नाही.

दोन्ही गट का सुधारले असावेत? मुलाला ठरलेल्या वेळी एका जागी बसवलं जातं, एक मोठा माणूस तासभर फक्त त्याच्याकडे पाहतो, चुकलं तर रागवत नाही, जमलं की कौतुक करतो, आणि घरी आईवडील बदलाची वाट पाहत त्याच्याकडे नव्या नजरेने बघतात. यातलं बरंचसं इलेक्ट्रोडशिवाय मिळतं. ते खोटं नाही, उलट तेच खरं औषध असण्याची शक्यता आहे. पण मग साठ बैठकांचं बिल लहरींच्या नावाने फाडणं हा अप्रामाणिकपणा ठरतो. आशेपोटी दागिने मोडणाऱ्या घराला पुरावा किती आहे हे स्पष्ट सांगणं, ही उपचार करणाऱ्याची पहिली नैतिक जबाबदारी आहे. ती टाळणाऱ्याने सेवाभावाच्या गोष्टी बोलू नयेत.

शिवाय लक्ष न लागण्याची कारणं अनेकदा मेंदूबाहेर असतात. या मुलांपैकी बहुसंख्यांना कधी ना कधी ऐकू कमी येतं, निम्म्याहून अधिकांना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास होतो आणि थायरॉइडचे विकार वारंवार दिसतात. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी आणि कान व थायरॉइडची नियमित तपासणी सुचवते. रात्रभर घुसमटलेलं मूल सकाळी पडद्यासमोर बसवून त्याच्या संथ लहरींना दोष देणं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणखी एक प्रश्न त्या मुलाच्या होकाराचा. ज्याच्याजवळ शब्द थोडे, तो नकार अंगाने देतो: इलेक्ट्रोडची टोपी ओढून काढतो, मान फिरवतो, जिन्यातच बसकण मारतो. थेरपीच्या भाषेत याला ‘सहकार्याचा अभाव’ म्हणतात. इस्तंबूलच्या आठव्या मुलाचं कारण काहीही असो, प्रत्येक अशा मुलाचं बाहेर पडणं हे मत म्हणून नोंदवलं गेलं पाहिजे. मूल पडद्यावरच्या खेळात रमत असेल, आपण काहीतरी घडवतोय हे त्याला कळून ते टाळ्या पिटत असेल, तर त्या वेळाला हरकत घेण्यासारखं काही नाही. लहरी सरकल्या नाहीत तरी त्याचा आनंद त्याचाच.

अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचं होतं. आज ते साठच्या आसपास आहे. हे घडलं हृदयाच्या शस्त्रक्रियांमुळे आणि मुलांना कोंडवाड्यासारख्या संस्थांत टाकणं थांबल्यामुळे. या वाढलेल्या आयुष्याला दुसरी बाजूही आहे. अल्झायमरशी संबंधित असलेलं एक जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच बसलेलं आहे. तिसऱ्या प्रतीमुळे चाळिशीपर्यंत या माणसांच्या मेंदूत त्या आजाराच्या खुणा जवळपास हमखास दिसतात आणि पुढे अनेकांची कष्टाने कमावलेली भाषा, सवयी, ओळखी ओसरू लागतात. माणसाची किंमत त्याने कमावलेल्या क्षमतेवर ठरवली असेल, तर तेव्हा ती खाली आणावी लागेल. बहुतेक आईवडील तोवर थकलेले असतात किंवा गेलेले असतात. ‘आमच्यानंतर कोण?’ हा त्यांचा प्रश्न पहिल्या प्रश्नापेक्षा जास्त खरा आहे आणि त्याची तयारी बालपणातच करावी लागते. मुलाला भावंडं, शेजारी, दुकानदार, देवळातले लोक नावाने ओळखतात का, लग्नकार्यात त्याला पुढे बसवतात का, त्याच्या नावावर काही ठेवलं आहे का, पालकत्वाचे कागद तयार आहेत का, हे आधी पाहावं. थेरपीच्या बैठकांचा वेळ आणि पैसा यातून कापला जात असेल, तर कुटुंबाने पहिल्या बैठकीची तारीख ठरवण्याआधीच तो हिशेब मांडायला हवा, आणि केंद्रानेही तो त्यांना विचारायला हवा.